चक्कर नाही म्हणतात

४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार घे. आधी बातमी, मग रडगाणं. आपला पेपर स्वीकारला! दोन वर्षं, तीनशे बारा म्हातारी माणसं, पायांच्या जळजळीवरची ती एक गोळी आणि दर आठवड्याला फोन करून तू भरलेल्या एकोणीस वह्या, या सगळ्याचं मिळून आठ पानी बाळ झालंय. मेच्या अंकात छापून येईल. शेवटी आभारात तुझा उल्लेख आहे. सर म्हणाले, "नर्सचा कशाला?" मी म्हटलं, माणसांशी बोलली ती, तुम्ही नाही. म्हणजे मनात म्हटलं. तोंडाने फक्त "असू द्या ना सर" एवढंच निघालं.

त्यातलं एक वाक्य तुझ्यासाठी उतरवते: "चक्कर येण्याचं प्रमाण नगण्य; तीनशे बारांपैकी चार." किती सुटसुटीत आहे ना? म्हाताऱ्या माणसांना देण्याजोगी गोळी सापडली म्हणायची. शिवाय दोन एप्रिलला प्राध्यापकपदाची मुलाखत आहे, आणि हा पेपर हातात असला की जागा माझीच, असं सर म्हणतात.

मला नाचायला हवं होतं. पण खरं सांगू, मी नुसती दमलेय. सकाळी ओपीडी, दुपारी तास, मग परीक्षेचे गठ्ठे, मग "मॅडम, फक्त एक सही". आनंद करायचा तर त्यालाही सुट्टी टाकावी लागेल.

एक गंमत सांगते. वैद्यकीय संशोधकांना एआयबद्दल काय वाटतं, याचा कुणीतरी अभ्यास करतंय. त्यांची प्रश्नावली आली. सव्वीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकोन, "पूर्ण सहमत" ते "पूर्ण असहमत". आम्ही सगळे स्टाफरूममध्ये एकाच टेबलाशी बसून, शाळेत लपवायचो तसा हाताचा आडोसा करून भरत होतो. "कामात वापरता का?" यापुढे सरांनी "कधीच नाही"वर खूण केली. हे तेच सर, ज्यांच्या तीन ओळींत सहा चुका असायच्या आणि जे वर्षभरापासून दोन-दोन पानं गोड पत्रं पाठवतायत. मी "क्वचित"वर केली. नंतर पाहिलं तर बाकी सगळ्यांचंच क्वचित. आख्खा विभाग क्वचित!

कानाचं मशीन लावतेस की डबीतच आहे?

तुझी,
भिंगरी

१२ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं, म्हणजे तिला नको असताना. अगं, प्राध्यापक होणार तू! एका जागी पाच मिनिटं बसायची नाहीस म्हणून भिंगरी म्हणायला लागलो, आणि आता खुर्चीच मिळवलीस. तुझी आई असती तर अख्ख्या बिल्डिंगला कळवून आली असती. मी फक्त एका शेजारणीवर भागवलं.

मशीन डबीतच आहे. लावलं की डोक्यात कुणीतरी भांडी घासायला बसतं. फोन तर कानाला लावताच येत नाही, शिट्टी वाजते. तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची दोन फोनवर, आता कानांनी राजीनामा दिला म्हणायचं. म्हणून पत्रं. तुला वेळ नसतो हे कळतं मला, तरी लिहितेस, बरं वाटतं.

ती प्रश्नावली मलाही पाठवायची होतीस. वॉर्डात किती नवी यंत्रं आली, मला कुणी चौकोन दिला नाही. आणून ठेवायचे आणि म्हणायचे, सिस्टर, उद्यापासून हे.

आता एक विचारते, रागावू नकोस. चार कसे गं? चक्कर येणारे चार? मला नुसत्या आठवणीने चाळीस सांगता येतील. माझ्या "म्हणतात"चं काय केलंत तुम्ही?

तुला ठाऊक असेल असं मी धरून चालले होते, पण आता शंका येते. माझ्या वहीत "चक्कर नाही" असं असेल तर नाही. विषय संपला. पण "चक्कर नाही म्हणतात" असं असेल, तर ते तसं म्हणतात, मला पटलेलं नाही. म्हातारी माणसं खोटं बोलत नाहीत गं, पण डॉक्टरांना वाईट वाटेल, गोळी बंद होईल, मुलगा नोकरी सोडून धावत येईल, म्हणून "नाही हो, काही नाही" म्हणतात. आणि मागून घरातलं कुणीतरी वेगळंच सांगत असतं. ते मी पुढच्या वाक्यात लिहायची. "चक्कर नाही म्हणतात. खुर्चीवरून उठताना तीनदा बसतात." असं.

आणि एकोणीस वह्या वाचल्या कुणी? माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागायचं नाही.

मावशी

२० फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी वैतागलेलीच होते, तेव्हा यातलं निम्मं त्या वैतागाच्या नावावर टाक.

वह्या एआयने वाचल्या. पानांचे फोटो काढून दिले, त्याने अक्षर लावलं, नोंदी वेगळ्या केल्या, कुणाला काय झालं त्याचा तक्ता करून दिला. चार दिवसांत. माणसांनी केलं असतं तर वर्ष गेलं असतं, आणि माणसं आहेत कुठे? माझ्याकडे दोन विद्यार्थी होते, एकाचं लग्न ठरलं आणि दुसरी परदेशी गेली. आधी शंभर पानं मी स्वतः वाचून, खुणा करून त्याला नमुना म्हणून दिली होती. नंतर ताडून पाहिलं, शंभरातली सत्त्याण्णव उत्तरं माझ्याशी जुळली. याहून जास्त काय करायचं होतं मी? तुला सांगितलं नाही, कारण तू "तुमचा तो एआय" म्हणून नाक मुरडशील असं वाटलं. ते चुकलं, मान्य.

पण मावशी, तूही जरा माझ्या जागी येऊन बघ. "म्हणतात" हे काय मोजमाप आहे का? कुणाला सांगितलं होतंस तू? पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली असतीस तर आज ही वेळ आली नसती. दोन वर्षं मनातल्या मनात एक शब्द वापरायचा आणि मग आम्हाला विचारायचं, त्याचं काय केलंत!

एआयने तो शब्द गाळला असणार. अशाच चुका करतं ते, मोठमोठी वाक्यं समजतात आणि एवढासा शब्द निसटतो. बघते मी. पण एवढ्यात नाही, या महिन्यात श्वास घ्यायलाही वेळ नाही, आणि मुलाखतीची तयारी शून्य आहे.

तुझी,
भिंगरी

२७ फेब्रुवारी

भिंगरी,

तुला राग आला की वाक्यं लांबतात. लहानपणापासून.

कुणाला सांगितलं होतं, तर तुझ्या सरांना. दुसऱ्याच महिन्यात. त्यांनी वही बाजूला सारून म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं ते लिहू नका, पेशंट काय म्हणतो ते लिहा." मग मी तेच लिहायला लागले, "म्हणतात". माझं वाटणं एका शब्दात बसवलं, कुणाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून. ते इतकं चांगलं जमलं की कुणाच्याच डोळ्यात आलं नाही. पहिल्या पानावर लिहायला हवं होतं, ते मात्र तुझं खरं.

मला त्या एआयशी भांडायचं नाही गं. मी नाक मुरडणार होते हे तूच ठरवलंस. मला एवढंच दिसतंय की अभ्यास संपला तेव्हा आपण त्या लोकांना सांगितलं, गोळी निर्धोक आहे, पाय जळायचे थांबलेत ना, मग घेत राहा. ते घेत असतील. त्यातल्या कुणालातरी रोज उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल आणि तो ते सांगत नसेल. म्हातारं माणूस एकदा पडलं की काय होतं, ते तुला मी सांगायला नको.

मी स्वतः फोन केले असते. तुला पत्र घालण्याआधी एकाला करून पाहिला. समोरचा बोलत होता आणि मला शिट्टीशिवाय काही ऐकू येईना. "बरं बरं" म्हणून ठेवून दिला. लाज वाटली.

वेळ नाही म्हणतेस. काढ.

मावशी

१३ मार्च

मावशी,

पंधरा दिवस लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि उठायची.

मी बघितलं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दार लावून तक्ता उघडला. एआयने काही गाळलं नव्हतं. त्याने तक्त्याबरोबर आणखी एक फाइल दिली होती, "शंका असलेल्या नोंदी". चौदा नोव्हेंबरची तारीख. त्यात एकसष्ट प्रश्न होते, एकसष्ट वेगवेगळ्या माणसांबद्दल. पहिलाच असा: "'चक्कर नाही म्हणतात. आता जिना चढत नाहीत.' या दोन वाक्यांचा मेळ बसत नाही. 'म्हणतात' या शब्दाला या वहीत वेगळा अर्थ आहे का? तुम्ही दिलेल्या नमुन्यात अशा नोंदी 'चक्कर नाही' या रकान्यात आहेत. तसंच करायचं का?"

आणि खाली मी उत्तर दिलेलं आहे, "सगळ्यांना होय". एकदाच, एकसष्ट प्रश्नांना मिळून. मला ते केल्याचं आठवतसुद्धा नाही. कामाच्या मधे केव्हातरी आलं असणार, मी वर "शंका" एवढं वाचलं असणार आणि पुढे गेले असणार. दिवसाला असे शंभर "होय" मी दाबते.

नमुन्याची शंभर पानं पुन्हा काढली. माझ्याच पेनाच्या खुणा. जिथे जिथे तू "म्हणतात" लिहिलंयस तिथे मी "नाही" धरलंय. म्हणजे त्या शंभर पानांत मलाच तो शब्द दिसला नाही. मावशी, मी मराठीत वाढले, तुझ्या मांडीवर वाढले, "बरं आहे म्हणते" म्हणजे काय हे मला कळत नाही होय? त्याला शंका आली, मला आली नाही. चूक माझ्याकडून त्याच्याकडे गेली, त्याने विचारलं, मी परत पाठवली. आणि तुला लिहिताना वर ऐटीत लिहिलं, अशाच चुका करतं ते.

सरांकडे गेले. ते जराही हलले नाहीत. म्हणाले, "एवढंच ना? एआयची चूक, असं दोन ओळींत कळवून टाक. हल्ली सगळे समजून घेतात. त्या एकसष्ट नोंदी 'माहिती अपुरी' म्हणून बाजूला काढू, आकडा चारच राहील, पेपर मेमध्येच येईल." जो माणूस "कधीच नाही"वर खूण करतो, त्याची दोष द्यायच्या वेळी एआयशी अशी घसट! मी हसले असते, पण मला मोह झाला गं. खरंच झाला. कुणाला कळणार आहे? ते काही उठून सांगणार नाही की मी विचारलं होतं. दोन एप्रिल जवळ आलीय. मी शेहेचाळीस वर्षांची आहे, पुन्हा जागा निघेल तेव्हा मी निवृत्त व्हायला आलेली असेन.

खरं कळवलं तर पेपर थांबेल आणि जागा जाईल. सरांचं ऐकलं तर जागा मिळेल आणि त्या एकसष्ट जणांना कुणी फोन करणार नाही. तू सांग काय करू. तू सांगशील ते करीन.

भिंगरी

१९ मार्च

भिंगरी,

मी सांगीन ते करशील म्हणतेस, म्हणून सांगणार नाही. उद्या जागा गेली की माझ्या नावाने बोटं मोडशील, आणि मला या वयात ते झेपायचं नाही. पण एक गोष्ट लिहिते, जी मी कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या आईलाही नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका वॉर्डात होते. बत्तीस खाटा, दोघी जणी, त्यातली एक रजेवर. एका बाईचं ब्लडप्रेशर मी न मोजताच तक्त्यात लिहिलं. आदल्या दिवसाचं बघून, थोडं इकडेतिकडे करून. सगळ्याच लिहायच्या कधीतरी. दुपारी तिला झटका आला. वाचली, पण उजवा हात गेला. मोठे डॉक्टर विचारायला आले, सिस्टर, सकाळी तर नॉर्मल होतं? मी म्हटलं, मशीन बिघडलंय वाटतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं. त्यांनी मशीन उचलून भंगारात पाठवलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट नवं येईपर्यंत कसं चालवता म्हणून कौतुकच झालं.

नवं यायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत बत्तीस खाटांचं प्रेशर शेजारच्या वॉर्डातून मशीन मागून आणून मोजलं, जमेल तेव्हा. आणि जुनं चांगलं होतं, हे मला एकटीला ठाऊक होतं.

ती बाई जाताना डाव्या हाताने नमस्कार करून गेली. त्यानंतर मी कधी न मोजता लिहिलं नाही, पण सांगितलंही नाही. कदाचित म्हणूनच वह्यांत एवढी "म्हणतात" लिहीत बसले. सांगितलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली असती कदाचित. गेली नाही, म्हणून तुझ्या कॉलेजची फी भरता आली. हेही खरंच आहे. म्हणून म्हणते, मला विचारू नकोस.

जेवत जा वेळेवर.

मावशी

८ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र बॅगेत घेऊन चार दिवस फिरले. मग जर्नलला आणि आमच्या नीतिसमितीला एकच पत्र पाठवलं. सरांना दाखवलं नाही. त्यातली मधली ओळ अशी: "एआयने या एकसष्ट नोंदींबद्दल लेखी शंका विचारली होती. ती मी न वाचता निकालात काढली. त्याआधी हाताने वाचलेल्या पानांतही हीच चूक मी केली होती." लिहायला दहा मिनिटं लागली. मला वाटलं होतं जन्म जाईल.

पेपर थांबला. मुलाखतीला गेले, मुलाखत घेणाऱ्यांपुढे पत्राची प्रत होतीच. एकाने विचारलं, "म्हणजे आता तुमचा एआयवर विश्वास राहिला नाही?" मी म्हटलं, त्याच्यावरचा आहे तेवढाच आहे, माझ्यावरचा जरा कमी झालाय. ते वाक्य तिथे बोलायचं नव्हतं. जागा दुसऱ्या एका बाईंना मिळाली. चांगल्या आहेत. सर माझ्याशी बोलत नाहीत, हा त्यातला फायदा.

रडले थोडी. तुझ्या नावाने बोटं मोडली नाहीत.

नीतिसमितीने सांगितलं की एकसष्ट जणांना ताबडतोब फोन करा आणि गोळी थांबवायला सांगा. ते काम मी मागून घेतलं. वह्यांतून नंबर आणि पत्ते काढून द्यायला एआयलाच लावलं, शेजारी तुझी वही उघडी ठेवून. प्रत्येक नाव बोट ठेवून वाचलं. एक नंबर त्याने चुकवला होता आणि दोन मी. चुकांत अजून मीच पुढे आहे.

काल पहिला फोन केला. यादीत पहिले जे आजोबा आहेत त्यांच्या घरी. सुनेने उचलला. मी कोण ते सांगितलं, पायांच्या गोळीबद्दल विचारायचंय म्हटलं. ती म्हणाली, "ते जानेवारीत पडले. न्हाणीत. खुबा मोडला. आता अंथरुणावरच असतात, बोलणंही तुटक झालंय."

जानेवारी, मावशी. प्रश्न माझ्याकडे नोव्हेंबरमध्ये आला होता.

मी गोळी बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, "ती केव्हाच बंद केली आम्ही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनीच केली." चिडलेली नव्हती ती, दमलेली होती, भांड्यांचा आवाज येत होता मागे. मला फोन ठेववेना. मी म्हटलं, आम्ही हे तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं, आमची चूक झाली.

"विचारलं होतं की," ती म्हणाली. "त्या बाई दर आठवड्याला विचारायच्या. बाबा सांगायचे नाहीत, पण मी त्यांच्या हातून फोन घेऊन सांगितलं होतं, पाणी प्यायला उठतात आणि पेला टेबलावर ठेवायला जातात, तो खालीच पडतो, दोन फुटलेत. बाई म्हणाल्या, थांबा हं, लिहून घेते."

मी वहीचं पान काढलं. लिहिलेलं होतं.

तुझी,
भिंगरी